एकदा मानलेले कागद शेवटपर्यंत माना : ओंटारिओतील मराठी नवागतांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, इमिग्रेशन, निर्वासित व नागरिकत्व, कॅनडा सरकार, ओटावा
मा. मंत्री, कामगार, इमिग्रेशन, प्रशिक्षण व कौशल्यविकास, ओंटारिओ सरकार, टोरोंटो
मा. अध्यक्ष व सदस्य, पील प्रादेशिक परिषद, ब्रॅम्प्टन

विषय : नवागतांसाठीच्या स्थिरावणी सेवा आणि रोजगार साहाय्य यांतील त्रुटी दूर करण्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या काही वर्षांत ओंटारिओत आलेल्या मराठी भाषकांची ही संघटना आहे. सभासद मुख्यतः पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर आणि कोल्हापूर भागांतले आहेत. काही गोवा, बेळगाव, इंदूर आणि बडोद्याचे. बहुतेकांची वस्ती ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन आणि स्कारबरो इथे आहे. त्यांत अभियंते, परिचारिका, लेखापाल, शिक्षक, आयटीआय झालेले फिटर-वेल्डर आणि विद्यार्थी आहेत. यांतले बरेच जण आज विमानतळाजवळच्या गोदामांत रात्रपाळीला उभे असतात.

पुढील तक्रारी नव्या नाहीत. सुटी निवेदने दिली, भेटी घेतल्या, ईमेल पाठवले. पोच मिळाली, कार्यवाही झाली नाही. म्हणून हे एकत्रित मागणीपत्र. ते सर्वसाधारण सभेत मराठीत मांडले गेले आणि मराठीतच मंजूर झाले. सोबतची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाच्या सोयीसाठी आहे.

मागण्यांचा पाया

फेडरल स्किल्ड वर्कर योजनेत पात्र ठरायला १०० पैकी ६७ गुण लागतात. भाषेला २८, शिक्षणाला २५ आणि अनुभवाला १५ गुण आहेत, आणि या अनुभवात परदेशातली नोकरी धरली जाते. याचा अर्थ सरळ आहे. आमची पदवी आणि आमची नोकरीची वर्षे कॅनडा सरकारने स्वतः मानली, त्यांना गुण दिले आणि त्या गुणांवर आम्हाला पात्र ठरवले.

त्यासाठीची फीही भरली आहे. एप्रिल २०२४ च्या अखेरीस ठरलेल्या दराने मुख्य अर्जदाराला १,५२५ डॉलर मोजावे लागत होते. त्यातले ५७५ डॉलर निव्वळ कायम निवासाच्या हक्कापोटीचे. शिवाय हाती नोकरी नसेल तर बँकेत पुरेशी रक्कम दाखवावी लागते : जुलै २०२५ च्या तक्त्याप्रमाणे एकट्याला १५,२६३ डॉलर, चौघांच्या कुटुंबाला २८,३६२.

इथे उतरल्यावर हेच कागद बिनकामाचे ठरतात. निवडीच्या वेळी गुण मिळवून देणारी पदवी परवाना देणाऱ्या संस्थेला पुरत नाही, अनुभव नोकरी देणाऱ्याला पुरत नाही आणि बँकेतली रक्कम घरमालकाला पुरत नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार परदेशी पदवी असलेल्या स्थलांतरितांपैकी चतुर्थांशाहून अधिक लोक शालेय शिक्षणावर किंवा त्याहूनही कमी शिक्षणावर भागेल अशा कामात होते. एवढ्या मोठ्या संख्येला वैयक्तिक कमनशीब म्हणता येत नाही. हा व्यवस्थेतला दोष आहे आणि तो दुरुस्त होण्याजोगा आहे.

नोकऱ्यांत राखीव जागा किंवा परवान्याच्या परीक्षेत सूट आम्ही मागत नाही. इंजिनिअरने व्यवसायनीतीची परीक्षा द्यावी, परिचारिकेने आपली द्यावी. पुढील प्रत्येक मागणी पंजाबी, तमिळ, फिलिपिनो किंवा युक्रेनियन नवागतांनाही तशीच लागू व्हावी, हेही इथेच नोंदवतो.

मागणी १ : कागदपत्रांची तपासणी एकदाच

पदवीचे मूल्यांकन करून घेणे म्हणजे काय असते हे ओटावातून दिसत नसावे, म्हणून सांगतो. सभासद इकडे किंवा अजून भारतात नोकरीवर असतो. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात त्याचे वडील, नाहीतर मामा खेटे घालतात. गुणपत्रिकांच्या प्रती, विनंतीचा नमुना, मग विद्यापीठाने बंद केलेले आणि झाकणावर शिक्का मारलेले पाकीट. ते वाटेत कुणी फोडले तर बाद. एवढे सोपस्कार झाल्यावर मूल्यांकनाचा अहवाल येतो आणि इमिग्रेशनसाठी तो पाच वर्षे चालतो.

परवाना देणाऱ्या संस्थेपुढे मात्र त्या अहवालाने काम भागत नाही. तिथे पुन्हा त्याच गुणपत्रिका, पुन्हा तेच पाकीट, पुन्हा फी. दरम्यान वडील थकलेले असतात आणि परीक्षा विभागातला ओळखीचा लिपिक बदलून गेलेला असतो.

आमची मागणी अशी : अर्जदाराच्या लेखी संमतीने, केंद्र सरकारने मान्य केलेल्या मूल्यांकन संस्थेकडील मूळ कागद ओंटारिओतील परवाना संस्थांनी थेट मागवून घ्यावेत. अर्जदाराकडे फक्त जे कागद त्या धारिकेत नाहीत तेच मागावेत, आणि त्यांची पूर्ण यादी अर्जापासून ३० दिवसांच्या आत एकाच पत्राने द्यावी. आज एक कागद दिला की दुसरा आठवतो; हे बंद व्हावे.

परवान्याची फी, परीक्षा आणि पूरक अभ्यासक्रम यांसाठी मिळणाऱ्या कर्जाची परतफेड अर्जदार आपल्या व्यवसायात रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी सुरू व्हावी. आयटीआय झालेल्या कुशल कामगारांच्या समतुल्यता तपासणीलाही हाच नियम लावावा.

मागणी २ : कॅनडातील अनुभवाची अट, दाराबाहेरची आणि दारामागची

या बाबतीत ओंटारिओ सरकारने पावले उचलली आहेत आणि त्यांची आम्ही नोंद घेतो. प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने २०१३ सालीच ही अट प्रथमदर्शनी भेदभाव ठरवली होती. प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ या संस्थेने मे २०२३ मध्ये परवान्यासाठीची बारा महिने कॅनडातील अनुभवाची अट काढली. त्यानंतर ओंटारिओतले पूल डळमळल्याचे ऐकिवात नाही. आता १ जानेवारी २०२६ पासून नोकरीच्या जाहीर जाहिरातीत आणि तिच्यासोबतच्या अर्जात ही अट घालायला बंदी आहे.

पण हा कायदा २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांनाच लागू आहे आणि तोही जाहिरातीपुरता. आमच्या सभासदांना पहिली संधी बहुधा छोट्या कंपन्यांतच मिळते, आणि त्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत. मोठ्या ठिकाणी जाहिरातीतली ओळ गेली, मुलाखतीतला प्रश्न राहिला. 'इथे कुठे काम केलंय?' असे विचारले जाते आणि उत्तर ऐकून वही मिटली जाते.

म्हणून मर्यादा २५ वरून १० कर्मचाऱ्यांवर आणावी. बंदी मुलाखतीला आणि निवडीच्या निकषांनाही लागू करावी. त्याच कायद्यानुसार मुलाखत दिलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. त्या उत्तरात नकाराचे कारण एका ओळीत देणे बंधनकारक करावे. मंत्रालयाने तक्रारीची वाट न पाहता दर तिमाहीला जाहिरातींची नमुना तपासणी करावी आणि निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. जाहिराती सार्वजनिकच असतात. त्या वाचायला धाड घालावी लागत नाही.

मागणी ३ : हजेरी मोजू नका, काम मोजा

आमच्या सभासदांचा सर्वांत जास्त वेळ ज्यात गेला आणि ज्यातून सर्वांत कमी निघाले, ती गोष्ट म्हणजे रेझ्युमेची कार्यशाळा.

चाकणच्या वाहन उद्योगात चौदा वर्षे गुणवत्ता विभाग सांभाळलेला आमचा एक सभासद. पहिल्या रोजगार साहाय्य केंद्रात त्याला सांगितले, रेझ्युमे दोन पानांत आणा. दुसऱ्या केंद्रात सांगितले, सुरुवातीची आठ वर्षे काढून टाका, नाहीतर ओव्हरक्वालिफाइड दिसाल. तिसऱ्या केंद्रात एका तरुण समुपदेशकाने विचारले, मधल्या काळात काय करत होतात? तिन्ही ठिकाणी त्याची सही घेतली गेली. तिन्ही केंद्रांच्या अहवालांत तो सेवा मिळालेला नवागत म्हणून मोजला गेला असणार. तो आजही गोदामात खोकी स्कॅन करतो.

समुपदेशकांना आम्ही दोष देत नाही. त्यातले कित्येक स्वतः नवागत आहेत आणि करार संपेपर्यंतच्या नोकरीवर आहेत. दोष मोजपट्टीचा आहे. किती लोक आले यावर निधी ठरला की केंद्र लोकांना बोलावत राहणार. कामाला लावण्याची त्याला गरज उरत नाही.

आमच्या मागण्या :

निधी देताना प्रत्येक केंद्राकडून सहा आणि बारा महिन्यांनंतरची स्थिती मागावी : व्यक्ती कामावर आहे का, ते काम तिच्या शिक्षणाशी संबंधित आहे का, वेतन किती आहे. गोदामातली नोकरी आणि इंजिनिअरची नोकरी एकाच रकान्यात 'रोजगार मिळाला' म्हणून दाखवू नये. हे आकडे केंद्रनिहाय दरवर्षी प्रसिद्ध करावेत.

रोजगार साहाय्याच्या निधीपैकी किमान ४० टक्के रक्कम प्रत्यक्ष कामाशी जोडलेल्या उपक्रमांवर खर्च व्हावी : वेतनासह उमेदवारी, त्याच व्यवसायातील मार्गदर्शक आणि प्रांताचे ब्रिज ट्रेनिंग. टोरोंटोत मार्गदर्शक जोडून देण्याचा उपक्रम २००४ पासून चालू आहे, तेव्हा हे इथे जमेल का, हा प्रश्न उरत नाही. उमेदवारी बिनपगारी नसावी. बिनपगारी काम पहिल्या महिन्याचे भाडे भरू शकत नाही आणि माणूस पुन्हा तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या एजन्सीकडे जातो.

आमच्या सभासदांना एजन्सीचा निरोप दुपारी येतो आणि पाळी रात्री अकराला लागते. सकाळी नऊ ते पाच, सोमवार ते शुक्रवार उघडी असणारी केंद्रे अशांसाठी बंदच आहेत. प्रत्येक निधिप्राप्त केंद्राने आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत आणि शनिवारी अर्धा दिवस सेवा द्यावी. जादा तास मागत नाही. आहेत तेच तास हलवावेत.

मागणी ४ : शपथ घेतली म्हणून वर्ग बंद नको

केंद्र सरकारच्या निधीवर 'लिंक' या नावाने चालणारे मोफत भाषावर्ग कायम निवासी आणि संरक्षणप्राप्त व्यक्तींना खुले आहेत. नागरिकत्व मिळाले की तो हक्क संपतो.

याचा फटका कुणाला बसतो ते पाहावे. नवरा कामावर, बायको घरी दोन लहान मुलांना घेऊन. वर्गाशेजारच्या पाळणाघरात जागा नाही म्हणून ती थांबते. पाच वर्षांत १,०९५ दिवसांचा निवास पूर्ण होतो, कुटुंब एकत्र अर्ज करते, शपथविधी होतो. धाकटे मूल शाळेत जाऊ लागते, ती पहिल्यांदा मोकळी होते आणि तिला सांगितले जाते की आता तुम्ही पात्र नाही. ज्या देशाने तिला नागरिक करून घेतले त्यानेच तिला वर्गाबाहेर ठेवावे, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर होते हे आम्हाला समजून घ्यायला आवडेल. प्रांताच्या निधीतल्या काही सेवांत नागरिकांना जागा आहे, त्यामुळे हे अशक्य म्हणता येत नाही.

नागरिकत्वानंतर दोन वर्षे भाषावर्ग आणि रोजगार सेवांचा हक्क चालू राहावा. सेवांना वर्षांची कमाल मर्यादा घालायची असेल तर ती कायम निवासी झाल्याच्या तारखेपासून न मोजता पहिली सेवा घेतल्यापासून मोजावी. मुलांच्या संगोपनाचा काळ तिच्यातून वगळावा. वर्गांना जोडलेल्या पाळणाघरांतील जागा पुढील दोन आर्थिक वर्षांत वाढवाव्यात आणि प्रतीक्षायादी किती लांब आहे ते जाहीर करावे.

वरच्या पातळीचे वर्ग अलीकडे अनेक ठिकाणी कमी झाले आहेत. नोकरीसाठी लागणारे इंग्रजी तिथेच शिकवले जाते. कपात करायचीच असेल तर तिची सुरुवात तिथून करू नये.

मागणी ५ : विद्यार्थी आणि वर्क परमिटवरील कामगार

हे लोक केंद्र सरकारच्या स्थिरावणी सेवांना पात्र नाहीत. त्यांच्यासाठी सगळ्या सेवा खुल्या करा, असे आम्ही म्हणत नाही. तीन सेवा मात्र त्यांना हव्यात : कामगार हक्कांची माहिती, घरभाड्याबाबतचा सल्ला आणि मानसिक संकटातील पहिली मदत. या तिन्हींसाठी आहे तीच खिडकी आणि आहे तोच कर्मचारी पुरतो.

या लोकांना सल्ला नाकारण्याची किंमत मोठी आहे. परदेशी विद्यार्थ्याला ८ नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास कॅम्पसबाहेर काम करता येते. मालक जास्त तास रोखीने, ठरल्यापेक्षा कमी दराने देतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून ओंटारिओत किमान वेतन ताशी १७.६० डॉलर आहे. रोखीच्या कामात ते किती जणांच्या हाती पडते हे ब्रॅम्प्टनमधल्या कोणत्याही भाड्याच्या तळघरात जाऊन विचारावे. मुलगा तक्रार करत नाही, कारण जादा तासांमुळे त्याचाच परवाना धोक्यात येतो.

थकलेल्या वेतनाची तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याचे जादा तास, त्या तक्रारीतून उघड झाले असतील तर, त्याच्या परवान्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत, असे लेखी धोरण केंद्र सरकारने जाहीर करावे.

मागणी ६ : नोकरी विकणाऱ्यांना आळा

ओंटारिओत परदेशी कामगाराकडून भरतीची फी घेणे २००९ च्या कायद्याने बेकायदा आहे. परदेशी कामगार नेमण्यासाठीच्या एलएमआयए अर्जाची १,००० डॉलर फी मालकाने भरायची असते. ती कामगाराकडून वसूल करता येत नाही. तरीही नोकऱ्या विकल्या जातात आणि गावाकडे शेत गहाण टाकून त्या विकत घेतल्या जातात. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या पत्राचे, कायम निवासासाठीच्या एक्सप्रेस एन्ट्री या निवड पद्धतीतले गुण काढल्यामुळे एक आमिष कमी झाले. धंदा थांबलेला नाही.

१ जुलै २०२४ पासून तात्पुरते कामगार पुरवणाऱ्या एजन्सींना आणि भरती करणाऱ्यांना प्रांताचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी, रद्द झालेले परवाने आणि दंड ही माहिती मराठीसह दक्षिण आशियाई भाषांत प्रसिद्ध करावी. शोषण झालेल्या आणि एकाच मालकाशी बांधलेल्या कामगाराला खुले वर्क परमिट देण्याची तरतूद २०१९ पासून आहे. तो अर्ज भरून देणारा प्रशिक्षित माणूस पील विभागात किमान दोन केंद्रांत असावा आणि अर्जावर ३० दिवसांत निर्णय व्हावा.

मागणी ७ : घर, पील परिषदेपुरती

भाडेकरूकडून शेवटच्या एका महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही, असे प्रांताचा २००६ चा कायदा सांगतो. तरीही कॅनडातला क्रेडिट इतिहास नाही म्हणून नवागतांकडे सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागितले जाते आणि ते नाइलाजाने देतात. सरकारने दाखवायला लावलेली रक्कम अशी पहिल्याच आठवड्यात संपते. मग मिळेल ते पहिले काम धरावे लागते आणि त्यातून बाहेर पडणे लांबत जाते. घर आणि नोकरी हे दोन स्वतंत्र विषय नाहीत.

केंद्र सरकारने तपासलेल्या निधीचे एकपानी पत्र नवागताला मिळावे आणि पील परिषदेने त्या पत्राच्या आधारे पहिल्या वर्षी २०० कुटुंबांसाठी भाडेहमीची प्रायोगिक योजना राबवावी. हमी पहिल्या बारा महिन्यांपुरती आणि जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असावी. भाडे थकवणारे कुटुंब योजनेतून बाद व्हावे, ही अट आम्हाला मान्य आहे.

मागणी ८ : मराठी

केंद्रांच्या भाषांच्या यादीत हिंदी, पंजाबी, गुजराती, तमिळ असतात. मराठी पुष्कळदा नसते. आमच्यातल्या शिकलेल्यांचे इंग्रजीवर भागते. वडीलधाऱ्यांचे आणि खेड्यातून आलेल्या गृहिणींचे भागत नाही. पील आणि स्कारबरोत प्रत्येकी एक मराठी जाणणारा समुपदेशक असावा. पूर्ण वेळ शक्य नसेल तर आठवड्यातून दोन ठरलेले दिवस पुरतील.

खर्चाबाबत

येणाऱ्यांची संख्या घटवली आहे तर सेवांचा निधीही घटणार, असे आम्हाला सांगण्यात येते. कायम निवासींचे लक्ष्य २०२४ साठी ४ लाख ८५ हजार होते, २०२६ साठी ते ३ लाख ८० हजार आहे. पण सेवा केवळ या वर्षी उतरणाऱ्यांना लागत नाही. २०२२ मध्ये सुमारे ४ लाख ३७ हजार आणि २०२३ मध्ये सुमारे ४ लाख ७१ हजार लोकांना कायम निवास मिळाला. आज रांगेत तेच उभे आहेत. त्यांची फी त्या वर्षी जमा झाली आहे. निधी त्या संख्येशी जोडावा.

वरच्या मागण्यांपैकी १, २ आणि ३ ला नवा मोठा खर्च नाही. नियम, नमुने आणि अहवाल बदलावे लागतील. खर्च ४, ७ आणि ८ ला आहे. तो टप्प्याने करावा, त्याला आमची हरकत नाही, मात्र टप्प्यांच्या तारखा लेखी असाव्यात.

मुदत

या पत्राला मागणीनिहाय लेखी उत्तर ६० दिवसांत मिळावे. जी मागणी मान्य नसेल तिच्यापुढे कारण द्यावे. मान्य मागण्यांसाठी दोन्ही सरकारे, परिषद आणि संघटना यांची संयुक्त समिती नेमावी व तिची पहिली बैठक ९० दिवसांच्या आत घ्यावी. बैठकीची वेळ सायंकाळी सातनंतरची ठेवावी. आमचे प्रतिनिधी दिवसा कामावर असतात.

मुदतीत उत्तर न आल्यास हे मागणीपत्र आणि त्यावरील आपले मौन, दोन्ही आम्ही ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन आणि स्कारबरोच्या सर्व खासदार व आमदारांपुढे त्यांच्या मतदारसंघातील सभासदांच्या सह्यांनिशी ठेवू. आमच्यातले बरेच जण आता मतदार आहेत.

कार्यकारिणी व सर्वसाधारण सभेच्या वतीने,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार